सकाळचा पाइप, दुपारचा पाइप: सिम्युलेशनमधील अनेक स्टडी एकमेकींना कशा जोडाव्यात

भिवापूरकडच्या एका मिरचीच्या सातऱ्यावर (मिरची वाळवण्याच्या आवारात) वाळवणाच्या ओट्याला लागून लोखंडी चौकट उभारायची होती आणि तिच्या एका खांबावर मिनिटाला ९०० फेऱ्यांचा मोठा पंखा बसवायचा होता. चौकटीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे ४ मीटर लांबीचा, ५० बाय ५० मिमीचा, ३ मिमी जाडीचा आडवा चौकोनी पाइप. त्याची दोन्ही टोके खांबांना वेल्ड केलेली होती आणि वरून काळा रंग दिलेला होता. संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये मी त्याची ताकद एका स्टडीत (म्हणजे एका स्वतंत्र गणितात) तपासली आणि कंपन दुसऱ्या स्टडीत. पाइपची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर तो सेकंदाला जितक्या वेळा आपसूक थरथरतो तो आकडा, २१.६ हर्ट्झ आली, पंख्याची १५ हर्ट्झ होती. हे दोन आकडे जुळले की पाइप जोराने थरथरू लागतो, पण दोन्हींत पुरेसे अंतर आहे असे समजून मी काम पुढे पाठवले. एप्रिलमध्ये सातऱ्याच्या मालकांचा फोन आला: "सकाऊन काई नाई होत जी, दुपारून पाइप थरथरते."

माझ्या दोन्ही स्टडी आपापल्या जागी बरोबर होत्या. चूक ही होती की त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. उन्हाने तापलेला पाइप लांब होऊ पाहतो, खांब त्याला होऊ देत नाहीत, त्यामुळे पाइप आतून दाबला जातो आणि दाबलेल्या पाइपची वारंवारता खाली येते. उष्णतेची स्टडी, ताणाची स्टडी आणि कंपनाची स्टडी एका साखळीत जोडल्याशिवाय ही गोष्ट कोणत्याही एका स्टडीत दिसत नाही. हा पाइप नवशिक्यांसाठी उत्तम धडा आहे, कारण त्यातला प्रत्येक आकडा कागदावरही पडताळता येतो. म्हणून पुढील मांडणी त्याच पाइपवर केली आहे.

आधी कागद

संगणक सुरू करण्यापूर्वी वहीत चार आकडे लिहून ठेवा. स्टीलचा लवचिकतेचा गुणांक २०० गिगापास्कल आणि प्रसरण गुणांक दर अंशाला ०.००००१२ धरला, तर दोन्ही टोके पक्की असलेल्या पाइपमध्ये तापमान १ अंशाने वाढले की २.४ मेगापास्कल दाब निर्माण होतो. चौकट डिसेंबरमध्ये २२ अंशांना वेल्ड झाली आणि एप्रिलच्या दुपारी पाइप सरासरी ६२ अंशांवर गेला, तर ४० अंशांच्या वाढीमुळे दाब ९६ मेगापास्कल होतो. पाइपच्या कापाचे क्षेत्रफळ ५६४ चौरस मिमी असल्याने पाइपमधले एकूण बल सुमारे ५४ किलोन्यूटन होते. हाच पाइप दोन्ही टोके पक्की असताना ज्या बलाला वाकून जाईल, ते ऑयलरच्या सूत्राने सुमारे १०३ किलोन्यूटन येते. म्हणजे वाकण्याच्या मर्यादेपैकी अर्ध्याहून अधिक वाटा नुसत्या उन्हाने वापरून टाकला आहे. वारंवारता ढोबळमानाने उरलेल्या वाट्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून २१.६ हर्ट्झची सुमारे १५ होते, आणि पंखाही नेमका १५ हर्ट्झवर फिरतो आहे.

सॉफ्टवेअरमधली साखळी हेच आकडे देणार आहे. ती ते देत नसेल, तर बहुतेक वेळा साखळीतली एखादी कडी सुटलेली असते. कागदावरचे उत्तर हाती नसताना जोडणी शिकणे म्हणजे अंधारात वायरिंग करण्यासारखे आहे. म्हणून ही पायरी कोणीही वगळू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिली कडी: उष्णता

ॲन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या वर्कबेंचमध्ये, म्हणजे स्टडी मांडण्याच्या खिडकीत, डावीकडील यादीतून स्टेडी-स्टेट थर्मल (स्थिरावलेल्या तापमानाची स्टडी) हा चौकोन ओढून मधल्या कोऱ्या जागेत सोडा. विद्यार्थ्यांसाठी या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते. तिच्यात मेशच्या (गणितासाठी वस्तूचे जे छोटे तुकडे पाडतात त्यांच्या जाळीच्या) आकारावर मर्यादा आहे, परंतु या पाइपला १५ ते २० मिमीचा मेश पुरतो, त्यामुळे ती मर्यादा आड येत नाही. डाउनलोड मात्र फार मोठे असते. गावातल्या मोबाइल डेटावर ते रात्रभर चालवण्यापेक्षा कॉलेजच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या जोडणीवर करून घ्यावे.

मटेरियल म्हणून आधीपासून दिलेले स्ट्रक्चरल स्टील ठेवा. त्यातील गुणांक वर कागदावर घेतलेलेच आहेत. पाइपच्या चारही बाहेरील पृष्ठांवर कन्व्हेक्शन (हवेकडे जाणारी उष्णता) द्या: गुणांक दर चौरस मीटर दर अंशाला १० वॅट आणि भोवतालची हवा ४२ अंश. वरच्या पृष्ठावर त्याशिवाय ८०० वॅट प्रति चौरस मीटर इतका हीट फ्लक्स (पृष्ठातून आत येणारी उष्णता) द्या. भर दुपारचे ऊन साधारण १००० वॅट प्रति चौरस मीटर असते आणि काळा रंग त्यातला सुमारे ८० टक्के भाग शोषतो असे धरले आहे. सॉल्व्ह केल्यावर वरचे पृष्ठ सुमारे ६४ अंश, खालचे सुमारे ६०.५ अंश आणि सरासरी ६२ अंश यायला हवी.

आता येथे थोडे थांबा. वरच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आहे, म्हणजे पाइपमध्ये येणारी उष्णता १६० वॅट झाली. कन्व्हेक्शनवर रिॲक्शन प्रोब (आकडा वाचण्याचे साधन) लावून बाहेर जाणारी उष्णता वाचा. तीही १६० वॅटच असली पाहिजे. वरच्या पृष्ठावर फ्लक्स आणि कन्व्हेक्शन हे दोन्ही खरोखर लागू झाले आहेत की नाही, हे या एका आकड्यावरून समजते. हा ताळा जुळल्याशिवाय दुसऱ्या कडीला हात लावू नये, कारण येथील चूक पुढे प्रत्येक स्टडीत पोहोचते आणि तिथे ती ओळखू येत नाही.

दुसरी कडी: ताण

नव्या माणसाची पहिली चूक येथेच होते. तो स्टॅटिक स्ट्रक्चरल हा चौकोन कोऱ्या जागेत सोडतो आणि त्यात पुन्हा तीच भूमिती घेतो. अशा रीतीने दोन स्वतंत्र स्टडी तयार होतात, साखळी होत नाही. स्टॅटिक स्ट्रक्चरल ओढून तो थर्मलच्या सोल्यूशन या ओळीवर सोडायचा असतो. तसे केल्यावर मटेरियल, भूमिती आणि मॉडेल या तीन ओळींना जोडणाऱ्या रेषांच्या टोकाला छोटा चौकोन दिसतो, तर सोल्यूशनपासून सेटअपकडे जाणाऱ्या रेषेच्या टोकाला गोल दिसतो. चौकोनाचा अर्थ असा की दोन्ही स्टडी एकच वस्तू वापरत आहेत. गोलाचा अर्थ असा की एकीचे उत्तर दुसरीत लोड म्हणून जात आहे. या दोन खुणा डोळ्यांत बसल्या की दुसऱ्या कोणाचीही फाइल उघडून तिच्यात काय जोडले आहे हे मिनिटभरात वाचता येते.

सेटअप उघडल्यावर डावीकडच्या फांद्यांसारख्या यादीत, म्हणजे झाडात, इम्पोर्टेड लोड आणि त्याखाली इम्पोर्टेड बॉडी टेम्परेचर दिसेल. त्यावर राइट क्लिक करून लोड आयात करा आणि रंगीत चित्रात खरोखर ६०.५ ते ६४ अंश दिसतात का ते पाहा. दोन्ही टोकांच्या पृष्ठांना फिक्स्ड सपोर्ट द्या.

पुढची ओळ लहान दिसते, पण सर्वाधिक चुका तिच्यात लपलेल्या असतात. एन्व्हायर्नमेंट टेम्परेचर म्हणजे ज्या तापमानाला पाइपमध्ये उष्णतेमुळे काहीही ताण नव्हता ते तापमान. आपल्या चौकटीसाठी ते वेल्डिंगच्या दिवसाचे तापमान होय. आजच्या हवेच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही. ॲन्सिसमध्ये ते आधीपासून २२ अंश भरलेले असते, कॉम्सोलमध्ये २९३.१५ केल्व्हिन म्हणजे २० अंश, आणि सॉलिडवर्क्समध्ये २९८ केल्व्हिन म्हणजे सुमारे २५ अंश. एकच पाइप तीन सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता सोडवला, तर दाबात १२ मेगापास्कलपर्यंत फरक पडतो. सॉफ्टवेअरवर शंका घेत माणसे दिवस घालवतात, आणि कारण या एका भरून आलेल्या आकड्यात असते. आपल्याकडे हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. हीच चौकट मे महिन्यात ४२ अंशांना वेल्ड झाली असती, तर दुपारची वाढ ४० ऐवजी २० अंशच झाली असती आणि दाब निम्मा राहिला असता. म्हणून काम कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी झाले, हे वेल्डरला विचारून लिहून ठेवण्याची सवय मी आता लावून घेतली आहे.

उत्तर तपासताना वर सुमारे १०१ आणि खाली सुमारे ९२.५ मेगापास्कल दाब दिसायला हवा. प्रत्येक टोकाची प्रतिक्रिया सुमारे ५४ किलोन्यूटन यायला हवी. अगदी टोकाच्या कडांवर याहून बरेच मोठे आकडे लाल रंगात दिसतील. फिक्स्ड सपोर्ट पाइपला तिथे आडवेही फुगू देत नाही, म्हणून ते येतात, आणि मेश जितका बारीक कराल तितके ते वाढत जातील. त्यांच्याकडे पाहून घाबरू नका आणि त्यांवरून निर्णयही घेऊ नका. पाइपच्या मधल्या भागातले आकडे वाचा. स्टीलचे यील्ड (ज्या ताणाला ते कायमचे वाकडे होऊ लागते) २१० असो की २५० मेगापास्कल, ही स्टडी एकटी पाहिली तर पाइप सुरक्षितच आहे.

तिसरी आणि चौथी कडी: वाकणे आणि कंपन

स्टॅटिक स्ट्रक्चरलच्या सोल्यूशनवर आयगेनव्हॅल्यू बकलिंग (वाकण्याची स्टडी) सोडा आणि त्याच सोल्यूशनवर, बकलिंगच्या नव्हे, मोडल (कंपनाची स्टडी) सोडा. एका सोल्यूशनमधून अशा दोन फांद्या निघू शकतात. दोन्हींच्या झाडात प्री-स्ट्रेस (आधीच असलेला ताण) या नावापुढे स्टॅटिक स्ट्रक्चरल असा उल्लेख दिसला पाहिजे. तिथे काहीच जोडलेले नसेल तर कडी जुळलेली नाही. सपोर्ट येथे पुन्हा देण्याची गरज नसते, ते मागच्या स्टडीतून आपोआप येतात.

बकलिंगचा पहिला गुणक, म्हणजे भार किती पट झाला की पाइप वाकेल तो आकडा, सुमारे १.९ येतो. त्याचा अर्थ असा की तापमानातील वाढ ४० ऐवजी ७६ अंश झाली तर पाइप सैद्धांतिकदृष्ट्या वाकेल. प्रत्यक्षात कोणताही पाइप पूर्ण सरळ नसतो आणि कोणताही खांब पूर्ण ताठ नसतो, म्हणून १.९ हा आकडा ऐसपैस समजू नये.

मोडलचे उत्तर सुमारे १५ हर्ट्झ येईल. खात्रीसाठी शेजारी दुसरा, कशाशीही न जोडलेला मोडल ठेवून त्यात तीच भूमिती आणि तेच सपोर्ट द्या, तो २१.६ हर्ट्झ दाखवेल. ज्या दिवशी हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिले, त्या दिवशी सातऱ्याच्या मालकांचे वाक्य मला नीट कळले: २१.६ हा डिसेंबरच्या सकाळचा पाइप होता आणि १५ हा एप्रिलच्या दुपारचा.

साखळी जिवंत आहे का, हे कसे ओळखावे

रेषा जोडलेल्या दिसतात म्हणून उत्तरे पुढे गेलीच आहेत असे नसते. वर्कबेंचमध्ये हिरवी बरोबरची खूण म्हणजे ती ओळ अद्ययावत आहे, पिवळी वीज म्हणजे ती पुन्हा सोडवायची आहे, हिरवे फिरते बाण म्हणजे मागे काहीतरी बदलले असून नवी माहिती आत घ्यायची आहे, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे काहीतरी भरायचे राहिले आहे. पहिल्या स्टडीत बदल करून थेट शेवटच्या स्टडीचे चित्र पाहणारा माणूस जुनेच चित्र पाहत असतो. म्हणून बदलानंतर अपडेट प्रोजेक्ट दाबावे आणि सर्व ओळी हिरव्या होईपर्यंत थांबावे.

खरी परीक्षा मात्र आकड्यांनी घ्यावी. थर्मलमधील हवा ४२ ऐवजी ५२ अंश करा आणि बाकी कशालाही हात लावू नका. मधला दाब २४ मेगापास्कलने वाढला पाहिजे, बकलिंगचा गुणक सुमारे १.५ आणि वारंवारता सुमारे १३ हर्ट्झ झाली पाहिजे. यानंतर उलट करा: फ्लक्स शून्य आणि हवा २२ अंश. आता दाब शून्य आणि वारंवारता पुन्हा २१.६ यायला हवी. या दोन्ही परीक्षा उतरल्या तरच साखळी विश्वासाची समजावी. मोठ्या, गुंतागुंतीच्या मॉडेलमध्येही मी पहिल्यांदा हेच दोन प्रयोग करतो.

कॉम्सोल आणि सॉलिडवर्क्स वापरणाऱ्यांसाठी

कॉम्सोलमध्ये चौकोन ओढून जोडायचे नसतात. हीट ट्रान्सफर आणि सॉलिड मेकॅनिक्स हे दोन विभाग घेऊन त्यांच्यात थर्मल एक्स्पान्शन ही जोडणी करावी लागते. पहिल्या स्टडीत फक्त उष्णता सोडवली आणि दुसरीत फक्त ताण, तर दुसऱ्या स्टडीच्या पायरीत व्हॅल्यूज ऑफ डिपेंडंट व्हेरिएबल्स या भागात जावे. तेथे "न सोडवल्या जाणाऱ्या चलांची मूल्ये" यासाठी युझर कंट्रोल्ड, पद्धत सोल्यूशन आणि स्टडी म्हणून पहिली स्टडी निवडावी. हे केले नाही तर सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता तापमान म्हणून सुरुवातीचे २९३.१५ केल्व्हिन घेते, वाढ शून्य होते आणि संपूर्ण पाइपमध्ये ताण शून्य दिसतो. ही नवशिक्यांची नेहमीची अडचण आहे, आणि संपूर्ण शून्य उत्तर आले की प्रथम हीच जागा पाहावी. एकाच स्टडीत दोन पायऱ्या एकापुढे एक ठेवल्या, तर मागचे उत्तर पुढे आपोआप जाते. कंपनासाठी असलेली आयगेनफ्रिक्वेन्सी प्रीस्ट्रेस्ड ही तयार स्टडी अशाच दोन पायऱ्यांची बनलेली आहे. तापमान लिहिताना एककही लिहावे, कारण नुसते ४२ लिहिले तर ते ४२ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली २३१ अंश समजले जाते.

सॉलिडवर्क्समध्ये स्टॅटिक स्टडीच्या प्रॉपर्टीजमध्ये फ्लो आणि थर्मल इफेक्ट्स असा टॅब आहे; तेथे तापमान थर्मल स्टडीमधून घ्यायचे असे निवडून तिचे नाव द्यावे. शून्य ताणाचे तापमानही त्याच टॅबवर आहे. वारंवारतेच्या स्टडीत लोडचा परिणाम हवा असेल, तर डायरेक्ट स्पार्स सॉल्व्हर (समीकरणे सोडवण्याची एक पद्धत) निवडावा लागतो.

फाइल आणि वीज

गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येक कडी हिरवी झाली की सेव्ह करावे. ॲन्सिसचा प्रोजेक्ट म्हणजे एक छोटी फाइल आणि तिच्या शेजारचे त्याच नावाचे मोठे फोल्डर, असे दोन भाग असतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने केवळ ती छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि एसटीने चाळीस किलोमीटर जाऊन कॉलेजात ती उघडली, तेव्हा चौकोन आणि रेषा दिसत होत्या, पण आत भूमिती नव्हती आणि उत्तरेही नव्हती. त्याचा तो दिवस वाया गेला. फाइल मेनूतील आर्काइव्ह वापरले की दोन्ही भाग एका फाइलमध्ये बांधले जातात; दुसऱ्या संगणकावर नेताना तीच न्यावी. फोल्डरचे नाव रोमन लिपीत, छोटे आणि मोकळी जागा न सोडता ठेवावे.

उपाय करून साखळी पुन्हा चालवणे

पाइप मोकळा असता तर ४० अंशांत तो १.९२ मिमी वाढला असता. म्हणजे एका टोकाला २ मिमीहून थोडी अधिक मोकळीक दिली की दाब राहत नाही. सॉफ्टवेअरमध्ये हे करताना आणखी एक सापळा आहे. एका टोकाचा फिक्स्ड सपोर्ट काढून तेथे साधे डिस्प्लेसमेंट दिले, लांबीची दिशा मोकळी सोडली आणि उरलेल्या दोन दिशा शून्य केल्या, तर पाइप सरकण्यास मोकळा होतो, परंतु ते टोक वळण्यासही मोकळे होते. अशा पाइपची वारंवारता १४.९ हर्ट्झ येते, म्हणजे दाब गेला तरी आपण पुन्हा पंख्याच्या वारंवारतेवरच येऊन पोहोचतो. त्याऐवजी रिमोट डिस्प्लेसमेंट (ज्यात सरकण्याबरोबर वळणेही रोखता येते) घ्यावे, लांबीची दिशा मोकळी ठेवावी आणि उरलेल्या दोन दिशांसह तिन्ही वळणे शून्य करावीत; अपडेट प्रोजेक्टनंतर दाब जवळजवळ जातो आणि वारंवारता २१.६ वर परत येते.

प्रत्यक्ष कामातही हा फरक तितकाच खरा आहे. प्लेटला दोन लंबगोल छिद्रे पाडून बोल्ट सैल ठेवले, तर टोक सरकते आणि वळतेही, म्हणजे ते १४.९ च्या मॉडेलसारखे वागते. म्हणून सातऱ्यावर आम्ही खांबाला मोठ्या मापाच्या पाइपचा २०० मिमी लांबीचा तुकडा बाहीसारखा वेल्ड केला, आडवा पाइप त्यात घट्ट पण सरकेल असा बसवला आणि आत शेवटी ५ मिमी जागा सोडली. नंतर मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता पंखा चालू ठेवून पाइपवर हात ठेवला. पाइप हाताला चटका देणारा होता, पण स्थिर होता.